लिफ्टमामांची आवाजखरेदी

लिफ्टमामांना लिफ्ट बघावी लागत नसे, ऐकली की पुरे. एखाद्या इमारतीतून तक्रार आली की ते हत्यारांची पिशवी खाली ठेवत, तळमजल्याच्या बंद दाराला उजवा कान लावत आणि वॉचमनला सांगत, "पाठवा वर." लिफ्ट वर जाऊन परत खाली येईपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले असत. मग कानाला लागलेली धूळ रुमालाने पुसत ते निदान सांगत, "चौथ्या मजल्याच्या दाराचं चाक झिजलंय. बाकी तब्येत ठणठणीत." उघडून बघावं तर चौथ्याच मजल्याचं चाक निघायचं. एकतीस वर्षं हेच काम. त्यांचं खरं नाव कंपनीच्या हजेरीपटावर होतं, पण तिथले साहेबसुद्धा विचारत, "लिफ्टमामा आले का?"

साहजिकच त्यांच्या बायकोला सगळे मामी म्हणत. मामींचं म्हणणं असं, की लोकांच्या लिफ्टची कुरकुर या माणसाला बरी ऐकू येते, बायकोची तेवढी येत नाही.

पण खरं सांगायचं तर त्या घरात कमी ऐकू यायचं ते मामींना. सव्वीस वर्षं त्यांनी पुढच्या खोलीत पाळणाघर चालवलं. "अकरा पोरं एका सुरात रडायची, तेव्हाच माझ्या कानांनी राजीनामा दिला," असं त्या हसत सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनीही कानांचा कित्ता गिरवला, जमिनीवर बसणं बंद झालं आणि पाळणाघरही. सव्वीस वर्षं गजबजलेली दुपार एकदम रिकामी झाली.

मामींना सिनेमाचं वेड. लग्नाआधी बहिणीबरोबर एका दिवसात लागोपाठ दोन सिनेमे पाहून तिसऱ्याच्या रांगेत सापडलेली ही बाई. लग्नानंतरही दर शनिवारी बाल्कनीची दोन तिकिटं ठरलेली. आता थिएटर लांब, जिने उंच, तिकिटं त्याहून उंच. म्हणून मामींच्या साठीला लेकीने आणि जावयाने भिंतीवर लावायचा टीव्ही दिला. दारापेक्षा रुंद आणि पुठ्ठ्यासारखा पातळ. चित्र असं, की नटाच्या मिशीतले केस मोजून घ्यावेत.

आवाजाचं मात्र वेगळंच होतं. एवढ्या पातळ अंगात स्पीकर मावणार कुठे? ते पाठीला बसवलेले, तोंड मागे. म्हणजे टीव्ही चित्र दाखवायचा आपल्याला आणि बोलायचा भिंतीशी. भिंतीला कान असतात या म्हणीवर कारखान्याचा फारच भरवसा असावा. आवाज वाढवला तर दार आपटल्यावर बॉम्ब फुटल्यासारखा दणका, गाणं सुरू झालं की शेजारी खिडकीत. पण माणूस बोलायला लागला की तोंडात बोळा कोंबल्यासारखं.

"काय म्हणाला?" मामी विचारायच्या.

मग मामा सांगायचे. कोर्टात वकील पाच मिनिटं टेबल आपटून बोलला, की मामांचा गोषवारा तयार, "सोडणार नाही म्हणतोय."

"आणि ती का रडतेय?"

"तिला वाईट वाटलंय."

"ते दिसतंय मला! का वाटलंय?"

"बापाने नाही म्हटलं."

"कशाला नाही म्हटलं?"

एवढ्यात पुढचा प्रसंग निघून गेलेला असायचा आणि आता मामांनाही ठाऊक नसायचं. पूर्ण सिनेमा दोघांपैकी एकालाही कळत नव्हता. तरी दोन वर्षं हे असंच चाललं, कारण सवय झाली की माणूस खडा टोचणारी चप्पलही घालून फिरतो.

मग एका रविवारी दुपारी एक विनोदी सिनेमा लागला. त्यातला नोकर मालकाला काहीतरी बोलला आणि मामा पोट धरून हसायला लागले.

"काय म्हणाला?"

मामांना हसू आवरेना. त्यांनी हातानेच 'थांब' अशी खूण केली. मालक उलटून बोलला, मामा आणखी हसले.

"अहो, काय म्हणाला?"

"अगं... ते... सांगून मजा नाही यायची."

मामी उठून आत गेल्या. जरा वेळाने मामांनी आत डोकावलं. मामी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. कपडे सकाळीच घडी करून ठेवलेले होते. त्या एकेक उलगडत होत्या आणि पुन्हा घडी घालत होत्या.

मामांनी टीव्ही बंद केला. हसू कुठल्या कुठे गेलं. दुसऱ्याच्या लिफ्टची चौथ्या मजल्यावरची कुरकुर तळमजल्यावरून ओळखणारे आपण, आणि आपल्या शेजारी बसलेलं माणूस दोन वर्षं सिनेमाच्या बाहेर उभं आहे, हे आपल्याला ऐकू येऊ नये? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

जुनी स्कूटर विकल्याचे अठरा हजार कपाटात मामींच्या शालीखाली पडून होते. मामांनी जाहीर केलं, "याचा आवाज आणायचा. अठरा म्हणजे अठरा. साडेअठरा नाही."

"आवाज काय किलोवर मिळतो?" मामी म्हणाल्या. पण शाल त्यांनी स्वतःच बाजूला केली.

बातमी लेकीमार्फत जावयापर्यंत पोचली आणि तो त्याच संध्याकाळी हजर झाला. जावई विमा कंपनीत होता आणि खरेदीच्या बाबतीत भलताच अभ्यासू. पाणी तापवायची किटली घ्यायला त्याने तीन आठवडे घेतले होते, तोपर्यंत लेक पातेल्यात पाणी तापवत होती. तो फोनवर यादी काढून बसला.

"बाबा, आपल्याला पाच पॉइंट एक घ्यायचं."

"पॉइंट एक म्हणजे? मोडलेला?"

"तसं नाही हो. पाच स्पीकर आणि एक सबवूफर, दणक्यासाठी. समोर तीन, मागे दोन, आणि दणक्याचा डबा कोपऱ्यात."

"मागून कोण बोलतं?" मामींनी विचारलं.

"बोलत नाही कुणी. मागून गाड्या जातात, पाऊस पडतो, हेलिकॉप्टर जातं."

मामींनी मान वळवून सोफ्यामागे पाहिलं. सोफा भिंतीला टेकलेला होता. "हेलिकॉप्टर इथून कसं जाईल? भिंतीमागे शेजाऱ्यांची मोरी आहे. तिथून येतात तेवढे आवाज मला पुरेत."

खोली बारा बाय दहाची. जावयाने टेप काढून मोजली, दोनदा, जणू दुसऱ्यांदा ती वाढली असती. शेवटी मागचे दोन स्पीकर दाराच्या चौकटीवर टांगायचे आणि दणक्याचा डबा शिवणयंत्राखाली ठेवायचा, असं त्याने ठरवलं.

"म्हणजे दणका बसला की माझी शिवण आपोआप होईल," मामी म्हणाल्या.

शनिवारी तिघं मोठ्या दुकानात गेले. चार मजली दुकान, आत हिवाळा. टाय लावलेला एक विक्रेता त्यांना एका काळोख्या खोलीत घेऊन गेला, मऊ खुर्च्यांवर बसवलं आणि बटण दाबलं. पुढच्या तीन मिनिटांत एक विमान पडलं, एक पूल कोसळला आणि एका गोदामाला आग लागली. मामांच्या पोटातला चहा हलला. जावयाचा चेहरा मात्र देवदर्शन झाल्यासारखा.

"बघा सर, भिंत हलते का नाही?"

"हलते," मामा म्हणाले. "भिंत हलली की आमच्या धंद्यात काम थांबवून सगळ्यांना बाहेर काढतात."

विक्रेता हसला. खोक्यावर हजार वॅट असं हाताएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं आणि किंमत आजच्या दिवसापुरती सतरा हजार नऊशे. आकडा असा नेमका अठराच्या आत बसला, की मामांनाही क्षणभर वाटलं, नशिबाची खूण असावी. हात खिशाकडे गेलासुद्धा.

"जरा बातम्या लावता का?" त्यांनी विचारलं.

"बातम्या?" विक्रेत्याने असं विचारलं, जणू कुणी सोन्याच्या दुकानात खिळे मागितले. "सर, हे सिनेमासाठी आहे."

"सिनेमात माणसं बोलतात ना? मग बातम्या लावा. विमान पडताना सगळ्यांचंच ऐकू येतं."

नाइलाजाने त्याने बातम्या लावल्या. निवेदिका बोलायला लागली. टाकीत पडलेली बाई आतून मदत मागतेय असा तो आवाज, शब्दापेक्षा घुमणं जास्त. विक्रेता घाईघाईने बटणं फिरवत म्हणाला, "हे सेटिंगचं आहे, आणि तुम्ही आज घेतलंत तर मी भिंतीचा स्टँड मोफत टाकतो."

मामी मामांकडे झुकल्या आणि कुजबुजल्या, "काय म्हणाला?"

मामांनी हात खिशातून बाहेर काढला. "काही नाही. चल, घरी जाऊ."

जावई दोन दिवस नाराज होता. लेकीचा फोन आला, "बाबा, ते म्हणतात, एवढ्या पैशात याहून चांगलं मिळणारच नाही." मामांनाही तशीच धास्ती होती. पुढच्या आठवड्यात ते आणखी तीन दुकानं फिरले. टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी पाहिली. स्वस्तातली होती ती टीव्हीचीच बहीण निघाली आणि बरी होती ती तिसाच्या पुढे. मामा खिन्न झाले.

अशातच एका जुन्या व्यापारी इमारतीतून तक्रार आली. लिफ्टमध्ये मधूनच शिट्टीसारखा आवाज येतो, लोकांना वाटतं आत कुणीतरी अडकलंय. मामा तळमजल्यावर दाराला कान लावून उभे होते. शेजारच्या गाळ्यातून एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, हातात तारा डाख लावून जोडायची गरम डाखणी. रेडिओ, अँप्लिफायर, टेप, स्पीकर दुरुस्तीचं त्यांचं दुकान होतं.

"काही ऐकू येतंय का?" त्यांनी विचारलं.

"दोन शिट्ट्या आहेत," मामा डोळे मिटूनच म्हणाले. "एक लिफ्टची, दाराच्या रबराची. दुसरी तुमच्या दुकानातून येतेय."

बाई चमकल्या. "आतल्या ट्रान्सफॉर्मरची? दोन दिवस मी सांगतेय गिऱ्हाइकाला की तो शिट्टी मारतो, ते म्हणतात तुम्हाला भास होतोय. या, या, आत या, चहा घ्या."

रबर बदलून झाल्यावर मामा दुकानात गेले. जमिनीपासून छतापर्यंत खोकी, पोटं उघडी पडलेली यंत्रं, तारांचे गुंते. चहा पिता पिता त्यांनी सगळी कथा सांगितली. मोठ्या दुकानातली निवेदिका ऐकून बाई खो खो हसल्या.

"मामा, अठरा हजारात सहा खोकी घेतलीत, म्हणजे एकेका खोक्याच्या वाट्याला किती आले? त्यातही दणक्याचा डबा निम्मे खाऊन बसतो. त्यापेक्षा दोनच घ्या, पण चांगले. जुने असले तरी चालतील. आणि एक जुना धडधाकट अँप्लिफायर."

"दोनच? मग मधला? जावई म्हणतात, बोलणं मधल्यातून येतं."

"दोन सारखे स्पीकर सारख्या अंतरावर ठेवा आणि बरोबर मध्ये बसा. माणूस पडद्याच्या मधोमध उभा राहून बोलतो. खोटं वाटलं तर ऐकवते. गर्दी असेल तर मधला लागतो. तुम्ही दोघंच ना?"

"दोघंच."

"मग वहिनींना घेऊन या. पण त्याआधी एक करा. त्यांचे कान एकदा तपासून घ्या. नाहीतर दोष कुणाचा, टीव्हीचा की कानाचा, हे न कळता आपण नुसते स्पीकर बदलत बसू."

हे घरी सांगणं सोपं नव्हतं. मामी फणकारल्या, "माझ्या कानांना काही झालेलं नाही. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." मामांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "लिफ्टचं तपासताना मी दोर, मोटर, दार सगळंच बघतो. दार चांगलं असलं तरी बघतो." मामींनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच चपला घालून उभ्या राहिल्या.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डाव्या कानातून शेंगदाण्याएवढा मळ काढून ताटलीत ठेवला. मामींनी तो पाहिला आणि जिवात जीव आल्यासारख्या म्हणाल्या, "बघा! मी म्हणत नव्हते?" नेमकं काय म्हणत होत्या ते मामांनी विचारलं नाही. रस्त्यावर आल्यावर बसचा हॉर्न वाजला, तशा त्या दचकून मामांचा हात धरून उभ्या राहिल्या. पण सगळंच काही मळाचं नव्हतं. बारीक आवाजांचं ऐकणं वयाने कमी झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "स, श, त, फ असल्या अक्षरांची कड बोथट झाली आहे. बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाही. यंत्र लावण्याइतकं नाही अजून. वर्षाने पुन्हा दाखवा."

मामांना हे औषधाच्या चिठ्ठीसारखं वाटलं. आता काय शोधायचं ते नेमकं कळलं होतं. दणका नको, शब्दाची कड हवी.

पुढच्या शनिवारी दोघं दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेली. बाईंनी तीन जोड्या काढून ठेवल्या होत्या. एक काळीभोर, चकचकीत. एक लहानशी, पांढरी. आणि एक तपकिरी, कोपरे खरवडलेली, पुढची जाळी नसलेली. मामींनी तिसरीकडे पाहून नाक मुरडलं.

मामांनी परीक्षा स्वतः आखली. मामींनी मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसायचं. बातम्या लावायच्या. निवेदक जे बोलेल ते मामींनी मागोमाग म्हणायचं आणि चुकेल तिथे मामा कागदावर फुली मारणार. कुठली जोडी चालू आहे ते सांगायचं नाही.

पहिल्या जोडीला मामी म्हणाल्या, "शहराच्या उत्तर भागात आज भाताचा... भाताचा पुरवठा बंद राहील."

"पाण्याचा," बाई हळूच म्हणाल्या. फुली. एकूण अकरा फुल्या. ती चकचकीत जोडी होती.

दुसरीला सात. तिसरी लागली, तशी मामींची कपाळावरची आठी गेली. त्यांना पुढे झुकावं लागेना. निवेदक बोलत होता आणि त्याच्या पाठोपाठ मामी घडाघडा म्हणत होत्या, शाळेत पाठांतराला उभ्या असल्यासारख्या. हवामान झालं, खेळ झाले, कुणा मंत्र्याचं भाषण झालं. दोनच फुल्या, आणि त्यातली एक मंत्र्याची होती, ते काय बोलले हे मामांनाही कळलं नव्हतं.

मामींनी डोळे उघडले. "कुठली होती ही?"

बाईंनी तपकिरी जोडीकडे बोट दाखवलं.

"अगंबाई! ही ध्यानं? डोळे उघडे असते तर मी हिला हातही लावू दिला नसता." मग जरा वेळाने, "तो माणूस कुठे होता पण? मला वाटलं इथे मधे उभा आहे."

जोडी स्वस्त होती, कारण आतल्या पडद्याभोवतीची फोमची कड गळून चालली होती. बाई म्हणाल्या, "कड मी आणून देते, चिकटवायला मात्र हात हलका लागतो." मामांनी आपले हात पुढे केले. तीन संध्याकाळी ते दुकानात बसले आणि बाईंच्या देखरेखीखाली जुनी कड खरवडून नवी चिकटवली. मोबदल्यात बाईंनी अँप्लिफायरच्या किमतीत सूट दिली. मामा म्हणाले, सूट नको, तर बाई म्हणाल्या, तो शिट्टीवाला ट्रान्सफॉर्मर तुम्ही ओळखलात, त्याची समजा. सगळं मिळून, तारांसकट आणि टीव्हीचा आवाज अँप्लिफायरला पोचवणाऱ्या एका लहानशा डबीसकट, पंधरा हजारांच्या जरा वर गेलं.

घरी आणून जोडलं आणि पहिल्या संध्याकाळी मामांचा चेहरा उतरला. दुकानातला माणूस घरात आलाच नाही. निवेदक पुन्हा टाकीत पडला होता. त्यांनी तारा तपासल्या, बटणं तपासली. मग नेहमीचं केलं, डोळे मिटून उभे राहिले आणि खोलीला कान दिला. पाळणाघर बंद झाल्यापासून खोलीत ना चटया होत्या ना गाद्या. फरशी, भिंती, काच. जे बोलावं ते टाळीसारखं परत येत होतं. शिवाय स्पीकर जमिनीवर, कोपऱ्यात कोंबलेले.

रविवारी सकाळी कामाला सुरुवात झाली. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे आले आणि पाळणाघराच्या दोन स्टुलांवर चढले, म्हणजे बसल्यावर कानाच्या उंचीला. तोंडं किंचित आत, सोफ्याकडे. सोफा भिंतीपासून दोन हात पुढे. उरलेल्या पैशांत मामींनी एक जाड सतरंजी आणि खिडकीला जड पडदे आणले. प्रत्येक बदलानंतर मामी सोफ्यावर बसून बातम्या म्हणून दाखवायच्या. दुपारपर्यंत त्यांना त्या दिवशीच्या सगळ्या बातम्या तोंडपाठ झाल्या होत्या.

जावई आला, त्याने स्टुलांवरच्या तपकिरी खोक्यांकडे पाहिलं आणि सभ्यपणे म्हणाला, "छान. जुन्या पद्धतीचं आहे." मग राहवेना म्हणून, "मागे एकही नाही?"

"बसा मधे," मामा म्हणाले.

जावई बसला. पडद्यावर एक म्हातारा नातीला पत्र वाचून दाखवत होता. म्हाताऱ्याने पान उलटलं त्याची सळसळ झाली, त्याने श्वास घेतला तोही ऐकू आला. जावयाने डावीकडच्या खोक्याकडे पाहिलं, उजवीकडच्या पाहिलं, मग उठून टीव्हीखाली वाकून पाहिलं.

"इथे तिसरा लपवलाय ना?"

"लपवायला पैसे कुठे होते?" मामी म्हणाल्या.

तो परत येऊन बसला आणि पत्र संपेपर्यंत उठला नाही.

जावई गेल्यावर मामींनी स्वतः सिनेमा निवडला. दोन वर्षांपूर्वी याच टीव्हीवर पाहिलेला, एक बाप आणि त्याची मुलगी यांचा. मामांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. ते म्हणाले, "हा पाहिलाय की आपण. दुसरा लावू."

"तुम्ही पाहिलाय," मामी म्हणाल्या. "मी नुसता बघितलाय."

शेवटाकडे बाप आणि मुलगी बसस्टँडवर उभे. मुलगी घर सोडून चाललेली. बाप तिच्याकडे न बघता काही बोलतो आणि वळून चालू लागतो. मामींनी रिमोट उचलून चित्र थांबवलं.

"तो म्हणाला, पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस."

मामांची नजर सतरंजीवर गेली.

"तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं, तो म्हणाला, जा, सुखाने राहा."

"असेल. आठवत नाही."

"मला आठवतं. मी रडले होते ऐकून. बाप असावा तर असा, म्हटलं होतं." मामी आता पूर्ण त्यांच्याकडे वळल्या. "खोटं का सांगितलंत?"

मामांनी सतरंजीच्या दशा सरळ केल्या. "त्याच आठवड्यात पाळणाघर बंद केलं होतं आपण. शेवटचं पोर गेलं त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. त्यावर आणखी हे कुठे सांगू? तोंडात आलं ते बोललो."

मामींनी पडद्याकडे पाहिलं. तिथे तो बाप पाठमोरा, एक पाय उचललेला, तसाच थांबला होता.

"आणखी किती बदललेत?"

"थोडे."

"थोडे म्हणजे?"

"तो डॉक्टरचा सिनेमा होता ना, त्यातला पेशंट... वाचत नाही."

"अरे देवा! आणि ते जुळे भाऊ?"

"ते भेटतात. पण भांडतात फार."

मामींना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पदराने टिपलं, पुन्हा हसल्या. "तरीच! प्रत्येक सिनेमाचा शेवट गोड कसा, म्हणून मी नवल करायचे. म्हटलं, हल्ली चांगले बनवतात."

"चुकलंच माझं," मामा म्हणाले.

"चुकलं खरं. पण तुमचा शेवट बरा होता." त्यांनी रिमोट उचलला. "आता मात्र खरा ऐकू द्या. मी काही पाळणाघरातलं पोर नाही."

बाप चालत गेला. मुलगी बसमध्ये चढली. मामी शेवटपर्यंत एकदाही मामांकडे वळल्या नाहीत आणि मामांना आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. दोन वर्षं ते सिनेमा अर्धाच पाहत होते, अर्धा सांगत होते. आता सांगायचं काहीच उरलं नव्हतं. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. मामींनी कोपर मारून उठवलं आणि बजावलं, "घोरायचं असेल तर आत. तुमच्या घोरण्यात 'स' ऐकू येत नाही."

त्यानंतर मामींनी यादी केली. पाहिलेले सगळे सिनेमे पुन्हा, रोज दुपारी एक. सिनेमा संपला की त्या मामांना कामावर फोन करायच्या आणि मामा कुठल्यातरी मशीनघरात, एका हातात पाना धरून, आपल्या जुन्या अपराधांचा जबाब द्यायचे. तो नोकर मालकाला काय म्हणाला तेही मामींनी ऐकलं. त्यांचं मत पडलं, एवढं काही हसण्यासारखं नव्हतं.

महिनाभराने एका दुपारी दाराची बेल वाजली. मामांची त्या दिवशी सुट्टी होती. दारात खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या. कडक बाई, जिन्यात पाणी सांडलं तरी पुसून घेणाऱ्या. मामांनी हातच जोडले.

"माफ करा बाई, आवाज खाली येतो का? कमी करतो."

"खाली शब्द न् शब्द येतो," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "गेले पंधरा दिवस मी ऐकतेय."

"हो, चुकलं, आम्ही..."

"काल त्या वकिलाचा युक्तिवाद चालू असताना माझ्याकडे दूधवाला आला आणि निकाल राहिला. काय लागला निकाल?"

मामांनी तोंड उघडलं, पण आतून मामींचा आवाज आला, "त्यांना विचारू नका! ते काहीही सांगतील. आत या, मी परत लावते."

मुख्याध्यापिका आत आल्या. सोफ्यावर बरोबर मधली जागा एकच होती, तिथे मामी बसलेल्या. पाहुण्या आहेत म्हणून मामी सरकायला लागल्या, पण मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नको, तुम्ही बसा, मला कडेलाही चालेल." मामांनी आतून खुर्ची आणली, सोफ्याच्या मागे मधोमध ठेवली, त्यावर स्वतः बसून कान दिला, खुर्ची चार बोटं उजवीकडे सरकवली, पुन्हा ऐकलं आणि उठून उभे राहिले.

"बसा इथे," ते म्हणाले. "इथेही शब्द न् शब्द येतो."